घरच्यांच्या अर्जावरून मनोरुग्णालयात दाखल करणे : कायदा काय मागतो आणि कुटुंबाने काय करावे

“आम्ही घरचेच आहोत, आम्ही सही करतो, तुम्ही याला दाखल करून घ्या,” हे वाक्य मनोविकार विभागाच्या दारात कुणी ना कुणी उच्चारतच असते, आणि त्यात काही गैर आहे असे बोलणाऱ्याला वाटतही नाही. शस्त्रक्रियेच्या कागदावर घरच्यांची सही घेतात, मग इथे का घेऊ नये, असा त्यामागचा साधा हिशेब असतो. जुन्या जाणत्या नातेवाइकांकडून यात आणखी एक गोष्ट सांगितली जाते: दोन डॉक्टरांचे दाखले आणले की नव्वद दिवस ठेवता येते. ही माहिती एके काळी बरोबर होती. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातील कलम १९ नुसार नातेवाईक किंवा मित्राच्या अर्जावर आणि दोन वैद्यकीय दाखल्यांवर, रुग्णाने होकार दिलेला नसतानाही, त्याला नव्वद दिवसांपर्यंत दाखल करता येत असे. तो कायदा आता रद्द झाला आहे. त्याच्या जागी आलेला मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात घरच्यांच्या सहीला अर्जाइतकेच स्थान आहे. दाखल करायचे की नाही हे स्वतंत्रपणे तपासणारे दोन जण ठरवतात, त्या निर्णयाला मुदत असते आणि त्यावर दाद मागता येते. हे तीन मुद्दे एकदा मनात पक्के बसले की पुढची प्रक्रिया समजायला फारशी अवघड नाही.

आधी हे तपासावे: माणूस खरोखर नाही म्हणतो आहे का?

सक्तीचा मार्ग शोधणाऱ्या बऱ्याच कुटुंबांनी साध्या मार्गाची चौकशीच केलेली नसते. २०१७ च्या कायद्याचा मूळ नियम असा आहे की प्रत्येक सज्ञान माणूस स्वतःच्या उपचारांचा निर्णय घ्यायला समर्थ आहे असेच धरून चालायचे. स्वतःहून दाखल होणाऱ्याला कायदा ‘स्वतंत्र रुग्ण’ म्हणतो. असा रुग्ण स्वतः अर्ज करतो, उपचारांना स्वतः संमती देतो आणि मागेल तेव्हा त्याला घरी सोडावे लागते. अपवाद एकच आहे: त्याची अवस्था बिघडली असून त्याला आधाराची गरज आहे असे तिथल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला (म्हणजे मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ अशा पात्र व्यक्तीला) वाटले, तर पुढील तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवून ठेवता येते.

त्यामुळे ‘वेड्यांच्या इस्पितळात जायचे नाही’ असे जो म्हणतो, तो ‘झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांना दाखवू’ या बोलण्याला कदाचित तयार होईल. त्याला फसवून न्यावे असा याचा अर्थ नाही. फसवून नेलेला माणूस पुढची दहा वर्षे कोणत्याच डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही. ज्या त्रासाची त्याला स्वतःलाच जाणीव आहे तिथून बोलायला सुरुवात करावी, आणि घरातील ज्या व्यक्तीचे तो ऐकतो तिनेच ते बोलावे, मग ती धाकटी बहीण असो की मामा. घरातल्या घरात बोलणे जमत नसेल, तर ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कुटुंबीयांनाही सल्ला मिळतो.

निर्णयक्षमतेबाबत कायद्यातील एक वाक्य प्रत्येक नातेवाइकाने वाचायला हवे. एखाद्याचा निर्णय इतरांना अयोग्य किंवा चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याच्यात निर्णयक्षमता नाही असे ठरत नाही. उपचारांसंबंधीची माहिती त्याला समजते का, निर्णय घेतल्याचे किंवा न घेतल्याचे परिणाम त्याला उमगतात का, आणि आपला निर्णय बोलून, खुणेने किंवा अन्य कोणत्याही मार्गाने त्याला कळवता येतो का, एवढेच पाहायचे असते. नोकरी सोडणे, लग्नाला नकार देणे, सगळा पैसा एखाद्या अव्यवहार्य धंद्यात घालणे या गोष्टी घरच्यांना कितीही त्रासदायक वाटल्या तरी त्या स्वतः दाखल करण्याचे कारण होऊ शकत नाहीत.

इच्छेविरुद्ध दाखल करण्याचा मार्ग: कलम ८९

कायद्याने ‘सक्ती’ हा शब्द टाळला आहे. ज्या रुग्णाला निर्णय घेण्यासाठी फार मोठ्या आधाराची गरज आहे, त्याला दाखल करण्याची तरतूद कलम ८९ मध्ये आहे आणि व्यवहारात तिला ‘आधारासह दाखल करणे’ असे म्हणता येईल. शब्द सौम्य असला तरी परिणाम तोच आहे, म्हणजे माणूस स्वतःच्या इच्छेने बाहेर पडू शकत नाही, आणि म्हणूनच अटी कडक आहेत.

पहिली अट तपासणीची आहे. दाखल करण्याच्या दिवशी किंवा त्याआधीच्या सात दिवसांत रुग्णाला दोघांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, प्रत्यक्ष तपासलेले असावे लागते. त्यांपैकी एक मनोविकारतज्ज्ञ असलाच पाहिजे; दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर चालतो. मागच्या वर्षीचे डिस्चार्ज कार्ड, फोनवरून दिलेले मत किंवा फक्त नातेवाइकांचे ऐकून लिहिलेली चिठ्ठी म्हणजे तपासणी नव्हे. घरच्यांची माहिती विचारात घेता येते, पण ती तपासणीला जोड म्हणून.

दुसरी अट कारणांची. या दोघांनाही स्वतंत्रपणे असे वाटले पाहिजे की आजार इतका तीव्र आहे की पुढील तीनपैकी किमान एक गोष्ट घडते आहे. एक, त्याने अलीकडे स्वतःला शारीरिक इजा करण्याची धमकी दिली आहे किंवा तसा प्रयत्न केला आहे. दोन, तो अलीकडे दुसऱ्याशी हिंसक वागला आहे, किंवा तो आपल्याला इजा करील अशी भीती त्याच्या वागण्यामुळे दुसऱ्याला वाटते आहे. तीन, स्वतःची काळजी घेणे त्याला इतके अशक्य झाले आहे की त्यातूनच त्याला अपाय होण्याचा धोका आहे. ‘अलीकडे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पाच वर्षांपूर्वी त्याने गळफास लावून घ्यायचा प्रयत्न केला होता, ही माहिती डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. मात्र तेवढ्यावर आज दाखल करता येणार नाही. पूर्वी उपचार झाले होते किंवा रुग्णालयात ठेवले होते, एवढ्यावरून आजचा आजार सिद्ध होत नाही, असे कलम ३ स्पष्टपणे सांगते.

तिसरी अट अशी की दाखल करणे हाच त्या परिस्थितीत सर्वांत कमी बंधनाचा उपाय आहे, असे प्रमाणित करावे लागते. घरी राहून, रोज बाह्यरुग्ण विभागात येऊन किंवा घरभेटीतून उपचार शक्य असतील तर दाखल करू नये, हा याचा अर्थ. रुग्णाने आधी आगाऊ निर्देश (पुढे आजारी पडल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे सांगणारा कागद) लिहून ठेवलेला असेल तर तोही या टप्प्यावर पाहावा लागतो. आणि स्वतंत्र रुग्ण म्हणून दाखल होण्याइतकी निर्णयक्षमता त्याच्यात सध्या नाही, हेही ठरावे लागते.

कुटुंबाचे सर्वांत उपयोगी काम या दुसऱ्या अटीपाशी आहे आणि बहुतेक जण ते नीट करत नाहीत. तपासणीच्या खोलीत “तो फार बिघडलाय हो”, “आमचं काहीच ऐकत नाही”, “आता सहन होत नाही” अशी वाक्ये बोलली जातात. ती खरी असतात, पण त्यांवरून डॉक्टरांना कायद्याने मागितलेले काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी साधी वही घ्यावी आणि पाहिलेले तेवढेच, तारीख-वेळ घालून लिहावे. समजा, थोरल्या भावाने स्वतःला खोलीत कोंडून घेतले आहे. वहीतली नोंद अशी असावी: ‘सोमवारी रात्री ९ वाजता दाराबाहेर ताट ठेवले. मंगळवारी सकाळी ताट तसेच, भात वाळलेला. मंगळवारी दिवसभर पाणीही आत घेतले नाही. बुधवारी पहाटे ४ वाजता मोठ्याने बोलण्याचा आवाज, “नळातून विष येते” असे तीनदा म्हणाला. बुधवारी दुपारी दार उघडले तेव्हा उभे राहताना तोल गेला. मधुमेहाच्या गोळ्यांचे पाकीट शनिवारपासून न फोडलेले.’ या सात-आठ ओळींत स्वतःची काळजी घेण्याची असमर्थता, तिची मुदत आणि तिच्यातून उद्भवणारा धोका हे तिन्ही दिसते, आणि ‘वेडा’ हा शब्द एकदाही आलेला नाही. वहीत न घडलेले काही घालू नये. दाखल व्हावा म्हणून ‘मारायला धावला’ असे वाढवून सांगणाऱ्या नातेवाइकाची गोष्ट दुसऱ्याच दिवशी रुग्णाच्या बोलण्यातून उघडी पडते आणि मग त्याच्या खऱ्या तक्रारींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. जुनी औषधे, आधीचे केस पेपर, मद्यपानाची किंवा अन्य व्यसनाची माहिती आणि शारीरिक आजारांची यादी सोबत न्यावी. अचानक आलेल्या भ्रमामागे कधीकधी ताप, साखर कमी होणे किंवा डोक्याला लागलेला मार असतो.

अर्ज करण्याचा अधिकार नेमका कुणाला

इथे अनेक घरांत गोंधळ उडतो. कलम ८९ खालचा अर्ज ‘घरचे’ करत नाहीत, तर ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ करतो. प्रत्येक सज्ञान व्यक्तीला असा प्रतिनिधी साध्या कागदावर लिहून, सही करून नेमता येतो, आणि तो नातेवाईकच असावा असे बंधन नाही. म्हणजे एखाद्या स्त्रीने आपली मैत्रीण नेमली असेल तर नवरा, सासरे किंवा आईवडील यांच्याऐवजी त्या मैत्रिणीचाच अर्ज विचारात घेतला जाईल. ही नेमणूक ती केव्हाही बदलू शकते.

कुणालाच नेमलेले नसेल तर कायद्याने क्रम ठरवून दिला आहे: आगाऊ निर्देशात नाव असलेली व्यक्ती, त्यानंतर नातेवाईक, त्यानंतर रुग्णाची देखभाल करणारी व्यक्ती, त्यानंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाने (दाखल करण्याच्या निर्णयांवर लक्ष ठेवणाऱ्या आणि त्यांविरुद्धची दाद ऐकणाऱ्या मंडळाने) नेमलेली योग्य व्यक्ती, आणि यांपैकी कुणीच नसेल तर समाजकल्याण विभागाचे संचालक. नातेवाईक म्हणजे रक्ताने, विवाहाने किंवा दत्तकविधानाने जोडलेली व्यक्ती. पत्नी आधी की भाऊ आधी, असा क्रम कायद्यात दिलेला नाही, आणि खरे भांडण नेमके तिथेच असते. दोन नातेवाईक परस्परविरोधी मागण्या घेऊन आले तर हा वाद वॉर्डच्या दाराशी मिटवण्याचा प्रयत्न न करता मंडळाकडे अर्ज करावा. प्रतिनिधी बदलण्याचा अधिकार मंडळाला आहे.

प्रतिनिधीने लेखी संमती देऊन जबाबदारी घ्यायची असते, आणि ती दाखल केल्यावर संपत नाही. रुग्णाच्या पूर्वीच्या इच्छा, त्याची मूल्ये, त्याचे हित पाहून निर्णयात साथ देणे हे त्याचे काम आहे. जो सही करून गावी निघून जाणार आहे, त्याने प्रतिनिधी होऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. वॉर्डमध्ये रोज येऊ शकणारी चुलत बहीण दूर राहणाऱ्या सख्ख्या भावापेक्षा कितीतरी उपयोगी ठरते.

अल्पवयीन मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. पालक हेच प्रतिनिधी असतात, तरीही दोघांची स्वतंत्र तपासणी लागते, मुलाला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, प्रतिनिधीने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मुलासोबत रुग्णालयात राहावे लागते आणि मंडळाला ७२ तासांत कळवावे लागते.

घरापासून रुग्णालयापर्यंत

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत जास्त चुका या अंतरात होतात. दोन तज्ज्ञांनी तपासायचे खरे, पण तो घराबाहेर पडायलाच तयार नसेल तर काय करायचे? हातपाय बांधून गाडीत घालण्याचा अधिकार कुटुंबाला कायद्याने दिलेला नाही. काही खासगी केंद्रे ‘घरून उचलून नेण्याची’ सोय असल्याचे सांगतात. चार धडधाकट माणसे येतात, औषध टोचतात आणि घेऊन जातात. ही सोय स्वीकारणारे कुटुंब, हेतू कितीही चांगला असला तरी, बेकायदेशीर बंदिवासाच्या गुन्ह्याजवळ जाऊन उभे राहते. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम १२७ आहे. एका सज्ञान तरुणीला तिच्या इच्छेविरुद्ध, कुटुंबीयांच्या सांगण्यावरून राहत्या घरातून बळाने नेऊन खासगी रुग्णालयात ठेवल्याचे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयापुढे आले होते, आणि २०१८ मध्ये न्यायालयाने ते बेकायदा ठरवले. तो निकाल १९८७ च्या, म्हणजे नातेवाइकांना अधिक अधिकार देणाऱ्या कायद्याखालचा होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मग कायदेशीर वाटा कोणत्या? पहिली, डॉक्टरांना घरी बोलावणे. यात कुणावरही बळजबरी नसते आणि बऱ्याचदा काम होते, कारण माणसाचा नकार डॉक्टरला असतोच असे नाही, कधीकधी तो गाडीत बसण्याला असतो.

दुसरी वाट कलम ९४ ची आहे. मृत्यू किंवा प्रकृतीला भरून न येणारी हानी टाळण्यासाठी, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करील तर ती रोखण्यासाठी, किंवा आजारातूनच उद्भवलेल्या वागण्यामुळे मालमत्तेचे मोठे नुकसान होत असेल तर ते थांबवण्यासाठी, कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करू शकतो. तो मनोविकारतज्ज्ञच असावा असे नाही, आणि उपचार रुग्णालयातच व्हावेत असेही नाही. नामनिर्देशित प्रतिनिधी उपलब्ध असेल तर त्याची संमती घ्यायची असते. जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेपर्यंत नेणे हेही या तातडीच्या उपचारांतच येते. मुदत ७२ तासांची, किंवा तिथे तपासणी होईपर्यंतची, यांपैकी जे आधी घडेल ते. या कलमाच्या आधारे विजेचे उपचार देता येत नाहीत.

तिसरी वाट पोलिसांची. आजारामुळे माणूस स्वतःला किंवा इतरांना धोकादायक ठरतो आहे असे मानायला कारण असेल, तर पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी कलम १०० नुसार त्याला संरक्षणात घेऊ शकतो. अशा व्यक्तीला शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, अगदी एक रात्रसुद्धा नाही. ११२ वर फोन करताना ‘घरात चोर’ असल्याच्या सुरात न बोलता, व्यक्ती आजारी आहे, कोणता धोका आहे, तिच्या हातात काय आहे आणि वैद्यकीय मदत हवी आहे, हे स्वच्छ सांगावे. पोलिसांना कलम माहीत नसेल तर वाद न घालता कलम क्रमांकासह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

चौथी वाट दंडाधिकाऱ्यांची, आणि ती शेजारी किंवा दूरच्या नातेवाइकांना जास्त उपयोगी आहे. आजारी व्यक्तीला घरात कोंडले आहे, मारहाण होते आहे किंवा तिची हेळसांड होते आहे असे वाटल्यास कुणीही पोलीस ठाण्यात कळवू शकतो. तसे कळवणे कायद्याला अपेक्षितच आहे. पोलिसांच्या अहवालावरून दंडाधिकारी त्या व्यक्तीला सार्वजनिक मानसिक आरोग्य संस्थेत तपासणीसाठी पाठवू शकतात किंवा जास्तीत जास्त दहा दिवस दाखल ठेवण्याची परवानगी देऊ शकतात.

संस्था निवडताना तिची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे दाखल करण्याआधी विचारावे. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मद्यपान आणि अमली पदार्थांशी संबंधित मनोविकारही कायद्याच्या व्याख्येत येत असल्याने असे रुग्ण ठेवणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांनाही हेच नियम लागू आहेत. ‘आमच्याकडे सहा महिन्यांचा कोर्स आहे, मध्ये भेटता येणार नाही’ असे सांगणाऱ्या केंद्राच्या दारातूनच परत फिरावे. साखळी कोणत्याही स्वरूपात, कुठेही चालत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने मरण पावले, आणि कलम ९५ मधील ही बंदी वाचताना ती घटना आठवल्याशिवाय राहत नाही.

दाखल झाल्यानंतरचे दिवस मोजावेत

कलम ८९ खालची मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची आहे. कारणे आधीच संपली तर ती मुदतही तिथेच संपते, आणि त्यानंतर राहायचे असेल तर रुग्णाने स्वतंत्र रुग्ण म्हणून, स्वतःच्या इच्छेने राहायचे. स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्तीला दाखल केले असेल तर तीन दिवसांत, आणि इतरांच्या बाबतीत सात दिवसांत, संस्थेने मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवले पाहिजे. तसे कळवले का, हे प्रतिनिधीने विचारावे. रुग्णाला जवळजवळ शंभर टक्के आधाराची गरज असेल तर प्रतिनिधी त्याच्या वतीने उपचारांना तात्पुरती संमती देऊ शकतो, पण निर्णयक्षमतेची फेरतपासणी दर सात दिवसांनी व्हावी लागते. सातव्या दिवशी माणूस स्पष्ट बोलू लागला असेल तर औषधाबद्दल त्यालाच विचारायचे, भावाला नाही.

तीस दिवसांपुढे ठेवायचे असेल तर कलम ९० लागते आणि तिथे दोन मनोविकारतज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी हवी. मंडळाला सात दिवसांत कळवायचे आणि मंडळाने एकवीस दिवसांत परवानगी द्यायची किंवा घरी सोडण्याचा आदेश द्यायचा. पहिली वाढीव मुदत नव्वद दिवसांपर्यंत, पुढची एकशे वीस आणि त्यानंतर प्रत्येक वेळी एकशे ऐंशी दिवसांपर्यंत. घरी सोडल्यापासून सात दिवसांच्या आत पुन्हा दाखल करण्याची वेळ आली तरी कलम ९० चीच प्रक्रिया लागते. त्यामुळे ‘एक दिवस घरी आणून पुन्हा तीस दिवस’ अशी युक्ती चालत नाही.

आपल्याला कोणत्या कलमाखाली दाखल केले आहे, उपचार काय आहेत आणि दाद कुठे मागायची, हे जाणून घेण्याचा हक्क रुग्णाला आणि प्रतिनिधीला आहे. रुग्णाला भेटीगाठींचा, फोनचा हक्क आहे, आणि भेट नाकारण्याचाही. ज्या भावाने अर्ज केला त्याला तो पहिले काही दिवस भेटणार नाही, अशी तयारी ठेवलेली बरी. शरीर बांधून ठेवणे हे केवळ ताबडतोबीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून करता येते; शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून नाही.

दाखल करणेच चुकीचे असेल तर

या कायद्याचा सूर कुटुंबाविषयी थोडा संशयाचा आहे अशी तक्रार काळजीवाहक नातेवाईक करतात. ती पूर्णपणे निराधार नाही. पण जमिनीच्या वाटणीच्या आधी, घटस्फोटाच्या दाव्याच्या तोंडावर किंवा जातीबाहेरच्या लग्नाचा सुगावा लागल्यावर अचानक ‘तिचं डोकं फिरलंय’ असे सांगितले जाते, हेही कायदा करणाऱ्यांना माहीत होते. म्हणूनच समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय किंवा धार्मिक कल्पनांशी न जुळणे हे मानसिक आजार ठरवण्याचे कारण असू शकत नाही, असे कलम ३ मध्ये लिहून ठेवले आहे. त्याच कलमानुसार, मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी कायद्याच्या अर्थाने ‘अस्थिर मनाचा’ ठरत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. त्यामुळे दाखल केल्याच्या कागदावरून बँकेचे खाते चालवता येत नाही की सातबाऱ्यावरचे नाव हलवता येत नाही. १९८७ च्या कायद्यात मालमत्तेच्या व्यवस्थापनासाठी प्रकरण होते, २०१७ च्या कायद्यात ते नाही. त्या कामासाठी स्वतंत्रपणे न्यायालयात जावे लागते.

ज्याला चुकीने दाखल केले आहे असे वाटते, तो स्वतः, त्याचा प्रतिनिधी, किंवा त्याच्या संमतीने एखाद्या नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेचा माणूस मंडळाकडे अर्ज करू शकतो. अर्जाला शुल्क नाही. अशा अर्जावर सात दिवसांत निर्णय अपेक्षित आहे, आणि मंडळाच्या निर्णयाविरुद्ध तीस दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. जिल्हा न्यायाधीश किंवा त्या दर्जाची व्यक्ती मंडळाच्या अध्यक्षस्थानी असते आणि सदस्यांत आजार अनुभवलेल्या किंवा देखभाल केलेल्या व्यक्तींनाही जागा आहे. मोफत वकिलाचा हक्क कायद्यातच असल्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० वर विचारावे. माणूस कुठे ठेवला आहे हेच लपवले जात असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका हा सर्वांत वेगवान उपाय आहे. कायद्याचे उल्लंघन करणाऱ्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

घरी परतल्यावर करायचे एक काम

बरे वाटू लागल्यावर, म्हणजे परतल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी, त्या माणसाला सोबत घेऊन त्याचा आगाऊ निर्देश लिहावा. पुन्हा तशी वेळ आली तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि प्रतिनिधी कोण, हे त्याने ठरवायचे. त्याने तुमचे नाव लिहिले नाही तरी रागावू नये. डॉक्टर किंवा नातेवाइकांना तो निर्देश मान्य नसेल तर मंडळाकडे दाद मागता येते, मात्र तो परस्पर बाजूला ठेवता येत नाही. तातडीच्या उपचारांना तो बांधत नाही, हे लिहितानाच त्याला सांगावे, म्हणजे पुढे फसवल्यासारखे वाटणार नाही. एक प्रत मंडळाकडे नोंदवावी, एक नेहमीच्या मनोविकारतज्ज्ञाच्या केस पेपरला जोडावी आणि एक घरात, आधार कार्ड आणि औषधांच्या चिठ्ठ्या ठेवता त्याच पिशवीत ठेवावी, कारण रात्री दोन वाजता घाईत उचलली जाते ती हीच पिशवी.